आधी कागदाला विचार

हस्तकलेच्या पहिल्या तासाला बाईंनी आम्हाला काहीच बनवायला दिले नाही. प्रत्येकाच्या हातात जुन्या वर्तमानपत्राचे एकेक पान दिले आणि म्हणाल्या, "फाडा. आधी वरून खाली, मग आडवे." पाचवीचा वर्ग. वर्गात कागद फाडला म्हणून ओरडा खायची सवय असलेली आम्ही मुले, आणि इथे बाईच फाडा म्हणत होत्या. सगळ्या वर्गाने एकदम कागद फाडला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. वरून खाली फाडताना कागद दोरी धरल्यासारखा सरळ सुटत गेला. आडवा फाडायला घेतला तर ऐकेचना. दोन बोटे सरळ गेला की लगेच तिरका व्हायचा, कडेला दात पडायचे. बाईंनी विचारले, "हात तोच, कागद तोच. मग असे का?" कुणालाच उत्तर आले नाही. त्या तासाला त्यांनीही ते सांगितले नाही, आठवडाभर आम्हाला तसेच ठेवले. त्या आठवड्यात मी घरातला हाताला लागेल तो कागद दोन्ही बाजूंनी फाडून पाहिला.

उत्तर पुढच्या तासाला मिळाले. कारखान्यात कागदाचा पातळ लगदा धावत्या जाळीवर पडतो. पाणी निथळत असतानाच त्यातले बहुतेक तंतू जाळीच्या धावेच्या दिशेने लांबट होऊन बसतात. त्या दिशेला बाई कागदाचा 'कल' म्हणायच्या. पुढे मी छपाई आणि बांधणीच्या धंद्यात आलो, तेव्हा तिथले कारागीर 'ग्रेन बघ, ग्रेन बघ' म्हणत होते. पहिल्या दिवशीच मला कळले की ही गोष्ट आपल्याला पाचवीपासून येते.

कलाच्या दिशेने घडी घातली की ती स्वच्छ बसते. कलाला आडवी घातली की तंतू मोडतात, आणि रंगीत कार्डशीट असेल तर घडीच्या रेषेवर पांढरे उकलते. घरी शुभेच्छापत्र करताना घडी फाटल्यासारखी का दिसते, असे मला बरेच जण विचारतात. दहातल्या आठ वेळा कागद चुकीच्या बाजूने कापलेला असतो. कल ओळखायला काही लागत नाही. कागद हलकेच वाकवून पाहायचा, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूने तो मुकाट वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर त्याचा कल. तरीही शंका असेल तर एक छोटा चौकोन कापून त्याची एकच बाजू ओल्या बोटाने पुसायची. तंतू पाणी पिऊन जाडीला फुगतात, लांबीला जवळजवळ वाढत नाहीत. त्यामुळे चौकोनाची सुरळी होते, आणि सुरळी ज्या दिशेला लांब, तोच कल. पहिल्यांदा ती सुरळी आपणहून वळताना पाहिली तेव्हा मला तो कागद जिवंत वाटला होता. आजही वाटतो.

"आधी कागदाला विचार, मग कात्री उचल," हे बाईंचे वाक्य. वर्षभरात ते त्यांनी किती वेळा म्हटले असेल, मोजदाद नाही.

कार्डशीटवर घडी घालण्याआधी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढायची. रेघेवर घडी पाडायची आणि चमच्याच्या पाठीने घोटायची. आजही महागडी हत्यारे हाताशी असताना एखादवेळी मी चमचाच घेतो. पुठ्ठ्यावर रंगीत कागद चिकटवताना त्या नेहमी मागच्या बाजूलाही कागद लावायला लावायच्या, साधा का होईना. ओला कागद पसरतो आणि वाळताना आकसतो. एकाच बाजूला लावला तर तो पुठ्ठ्याला आपल्याकडे खेचून घेतो, आणि सकाळी फोटोची चौकट होडीसारखी वाकलेली सापडते. घरगुती कामात चौकटी वाकतात, त्यात गोंदाचा दोष क्वचित असतो.

सहावीत आम्ही हातकागद केला. रद्दीचे तुकडे रात्रभर भिजत घातले, दुसऱ्या दिवशी घोटून घोटून लगदा केला, तो पसरट टबातल्या पाण्यात ढवळला. लाकडी चौकटीला बारीक जाळी ठोकलेली होती. ती पाण्यात तिरकी घालायची, आडवी करून सरळ वर उचलायची, आणि पाणी निथळत असताना एकदा पुढे-मागे, एकदा डावीकडे-उजवीकडे हलवायची. हे हलवणे आम्हाला खेळ वाटायचे. खरे तर त्यामुळे तंतू सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंततात. मग चौकट जुन्या सुती कापडावर उपडी करून मागून स्पंजने पाणी टिपायचे. कागद कापडावर उतरतो. वरून दुसरे कापड, वरून फळी, फळीवर वजन. गोंद नाही, खळ नाही, तरी वाळल्यावर तो अखंड राहतो, कारण पाणी निघून जाताना तंतूंमधला सेल्युलोज एकमेकांना धरून बसतो. वाळलेला कागद बाईंनी आम्हाला पुन्हा फाडायला दिला. उभा फाडा, आडवा फाडा, दोन्हीकडे सारखाच वेडावाकडा. त्याला कल नव्हताच. माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, हा कागद कुठल्याच बाजूचा नाही." बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिले.

काचेचे काम सातवीत आले, आणि तिथे मी चुकलो. शाळेच्या प्रदर्शनासाठी प्रत्येकाने एक काचेची बरणी सजवायची होती. बाहेरून पतंगाच्या कागदाचे तुकडे, आत सेलवर चालणारा छोटा दिवा. (मेणबत्ती बाईंनी ठेवू दिली नाही. काच तापते आणि कागद तिला चिकटलेला असतो.) तुकडे कात्रीने कापायचे नाहीत, हातानेच फाडायचे, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि दोन रंग जिथे एकमेकांवर येतात तिथे जोड दिसत नाही. पांढऱ्या गोंदात निम्मे पाणी घालून तो ब्रशने आधी काचेवर, मग कागदावरून फिरवायचा. हे सगळे मी मन लावून केले. माझी बरणी निळ्या-हिरव्या रंगाची होती. ओली असताना ती इतकी सुरेख दिसत होती की मी ती हातात घेऊन वर्गभर फिरलो.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी ती सोलली. एका बाजूचा सगळा निळा कागद सालीसारखा सुटून खाली लोंबत होता. मी बरणी घेऊन हस्तकलेच्या खोलीत गेलो तेव्हा बाई एकट्याच टेबले लावत होत्या. त्या रागावल्या नाहीत, धीराचे शब्दही बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या, बरणी उजेडाकडे धरली आणि कागद सुटला होता तिथे बोट दाखवले. काचेवर माझ्या बोटांचे ठसे होते, स्पष्ट, चारही. बरणी मी धुतली होती, पण नंतर चिकटवताना त्याच जागी धरून बसलो होतो, आणि बोटांचा तेलकटपणा काचेवर राहिला होता.

"कागद पाणी पितो, काच पीत नाही," त्या म्हणाल्या. "कागदात गोंद आत शिरतो. काचेवर तो नुसता बसतो. मग बसायला जागा स्वच्छ नको का?"

त्या संध्याकाळी बाईंनी मला काचेचे जे शिकवले ते आजवर जसेच्या तसे वापरतो. जुना कागद आणि बाटलीवरचे लेबल काढायला कोमट पाणी, उकळते नाही. काच उष्णता हळू पुढे नेते. एका बाजूला कढत पाणी पडले की ती बाजू फुगते, दुसरी तशीच राहते, आणि काच तडकते. लेबलाचा चिकट थर उरला तर त्यावर चमचाभर तेल आणि खायचा सोडा एकत्र करून चोळायचा, मग साबणाने धुवायचे. शेवटी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसायचे आणि त्यानंतर काचेला बोट लावायचे नाही. डावा हात बरणीच्या आत घालून ती आतून पेलायची. आमची बरणी साडेसातला पूर्ण झाली. बाईंना घरी जायला उशीर झाला होता. त्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी पायरीवर उभा होतो.

रिबिनींचे काम मला कधी फार जमले नाही, म्हणून त्याबद्दल थोडेच लिहितो. सॅटिन हे धाग्याचे नाव नाही, विणीचे आहे, हे आम्हाला बाईंनी भिंग देऊन दाखवले. चकचकीत बाजूला धागे चार-चार आडव्या धाग्यांवरून उडी मारून जातात, म्हणून ती बाजू चमकते, आणि म्हणूनच टोकाला लवकर उसवते. टोक तिरके कापले की कमी उसवते. पॉलिएस्टरची रिबीन असेल तर मोठ्या माणसाने टोक ज्योतीच्या जवळ नेऊन क्षणभर धरायचे, धागे वितळून एकमेकांना चिकटतात. सुती रिबीन मात्र जळून राख होते, तिच्या टोकाला गोंदाचा थेंब. फूल करायचे तर हातभर रिबिनीच्या एका काठाला धावदोरा घालायचा, दोरा हळूहळू ओढत चुण्या पाडायच्या आणि गोल फिरवून टाके घालायचे. मध्ये एक मणी. भेटवस्तूवरची प्लास्टिकची रिबीन कात्रीच्या पात्यावरून ओढून कुरळी करतात, ती सगळे जण झटक्यात ओढतात. सावकाश ओढून पाहा, वळण जास्त घट्ट येते.

आता शोभादर्शक, म्हणजे कॅलिडोस्कोप. सगळ्यात आवडते काम, आणि एकटे घरी सहज करता येण्याजोगे. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने तो १८१६ साली शोधला आणि १८१७ साली त्याचे पेटंट घेतले, एवढे बाईंनी फळ्यावर लिहिले होते. बाकी सगळे हाताने.

पंधरा सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद अशा साध्या काचेच्या तीन सारख्या पट्ट्या. आरसा नव्हे, खिडकीला लावतात तसली साधी काच. काच कापणाऱ्याकडून कापून आणायच्या, आणि कडा ओल्या काचकागदावर घासून बोथट करायच्या. ओल्याच, म्हणजे काचेची धूळ उडत नाही. प्रत्येक पट्टीच्या मागे काळा कागद. तिन्ही पट्ट्या त्रिकोणात उभ्या करून बाहेरून चिकटपट्टी, आणि त्या त्रिकोणावरच कार्डशीट गुंडाळून नळी करायची. (कार्डशीटचा कल नळीच्या लांबीला समांतर ठेवा, नाहीतर गुंडाळताना ती मोडते.) एका तोंडाला छिद्राचा पुठ्ठा. दुसऱ्या तोंडाला एक पारदर्शक चकती, अर्धा सेंटिमीटर जागा सोडून बाहेर ट्रेसिंग पेपरची चकती. मधल्या जागेत काचमणी, फुटक्या बांगड्यांचे बारीक तुकडे, जिलेटिन कागदाची कात्रणे. जागा निम्म्याहून कमी भरायची. तुकड्यांना पडायला वाव नसेल तर नक्षी बदलत नाही.

साध्या काचेत प्रतिबिंब कसे दिसणार, असे मी बाईंना विचारले होते. त्यांनी खिडकीचे तावदान उघडले आणि मला त्याच्या कडेला डोळा लावून तिरके पाहायला सांगितले. समोरून पाहिले की काच पारदर्शक, बाहेरचे झाड दिसते. पाहता पाहता नजर तिरकी करत गेलो, तसतसे झाड नाहीसे झाले आणि तावदानात पूर्ण भिंत दिसू लागली. समोरून येणाऱ्या उजेडातला शेकडा चारेक भागच काचेचा एक पृष्ठभाग परत पाठवतो, पण उजेड अगदी घासून गेला तर जवळजवळ सगळा. शोभादर्शकात आपण लांब नळीतून पाहतो, म्हणजे नजर काचेला घासूनच जाते. मागचा काळा कागद पलीकडचा उजेड अडवतो. एवढ्यावर साधी काच आरसा होते. त्या तावदानापाशी मी किती वेळ डोके मागेपुढे करत उभा होतो, घंटा झालेली कळली नाही.

घरी आता लेकीबरोबर हेच चालते. मागच्या महिन्यात तिला ए-फोर कागदाचा चौरस करायचा होता. एक कोपरा समोरच्या कडेवर आणून तिरकी घडी घातली, उरलेली पट्टी कापायला ती निघाली, तेव्हा मी म्हटले, "थांब, आधी कागदाला विचार." ती तिरकी घडी कागदाच्या लांब बाजूवर धरली. दोन्ही बरोबर सारख्या. कागद २१० मिलिमीटर रुंद, २९७ लांब, आणि २१० च्या चौरसाचा कर्ण जवळपास तेवढाच. म्हणून हा कागद मधोमध दुमडला की अर्धा भागही त्याच प्रमाणात राहतो. जर्मनीत १९२२ साली हे माप प्रमाण म्हणून ठरले, त्यामागे हीच युक्ती आहे. लेक चार-पाच वेळा घडी उलगडून पुन्हा लावून पाहत राहिली. कात्री तशीच टेबलावर पडून होती.

माझा सातवीतला शोभादर्शक मी शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला बरोबर आणणार आहे. ट्रेसिंग पेपरची चकती दोनदा बदलली, काचा त्याच आहेत. हस्तकलेच्या खोलीतल्या टेबलावर ठेवीन. ज्यांना पाहायचा त्यांनी जरूर उचलावा, फक्त खिडकीच्या दिशेने धरावा.

आणि ही स्मरणिका हातात आली की मधले पान उघडून टेबलावर ठेवून बघा. पाने आपणहून निवांत पसरली तर कागदाचा कल पुस्तकाच्या पाठीला समांतर आहे. ताठ उभी राहिली, मिटायला लागली, तर कागद आडवा लागला आहे. बाई पहिले तेच पाहतील. मजकूर त्यानंतर.