रिपोर्ट ‘सेन्सिटिव्ह’, ताप मात्र हटेना

"मॅडम, तुमचा रिपोर्ट एक सांगतो आणि पेशंट दुसरंच!" सकाळी सकाळी डॉक्टरांचा फोन. आवाजात वैताग होता, आणि तो रास्त होता. दिंडोरीकडचे एक वयस्कर द्राक्ष बागायतदार. प्रोस्टेट वाढलेलं, त्यामुळे लघवीला नळी घातलेली. लघवीत ई. कोलाय हा जंतू. आमच्या लॅबमधल्या प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती जंतू न उगवलेला ऐसपैस झोन, म्हणजे जंतू औषधाला दाद देतोय. औषध चालू असेपर्यंत ताप नसायचा, बंद केलं की पुन्हा हुडहुडी.

"नळी कधी बदलली?" मी विचारलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. बदललीच नव्हती.

प्लेटवर आम्ही तपासतो ते सुटे जंतू. नळीत ते एकमेकांना धरून, स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात बसतात. हीच बायोफिल्म. तिथे तेच औषध कधी कधी शेकडो पटींनी जास्त लागतं. म्हणून जुनी नळी काढायची, नवी घालायची आणि नव्या नळीतूनच सॅम्पल घ्यायचं. (जुन्या नळीचं टोक कापून कल्चरला पाठवणारेही आहेत. ते आम्ही परत करतो. त्यावर काय काय उगवेल याला धरबंधच नसतो.)

नव्या सॅम्पलमध्येही ई. कोलायच उगवला. रिपोर्टसाठी तेवढं पुरेसं होतं, पण मला खुमखुमी आली. काचेच्या टेस्टट्यूबमध्ये ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचं पातळ खाद्य, भरलं, त्यात कोऱ्या सिलिकॉन नळीचा तुकडा उभा केला आणि हा जंतू सोडला. शेजारी तशीच दुसरी ट्यूब, फक्त जंतूविना. इनक्युबेटरमधून काढल्यावर ब्रॉथ ओतून दिला, हलक्या हाताने धुतलं आणि क्रिस्टल व्हायोलेट हा थराला चढणारा जांभळा रंग घातला. पुन्हा धुतल्यावर ट्यूब उजेडात धरली. काचेवर जेमतेम फिकट कडं. नळीचा तुकडा मात्र गर्द जांभळा, आतल्या पोकळीत तर रंगाची साय धरलेली. जंतूविना ठेवलेला तुकडा जवळपास कोरा. जंतू एक, ब्रॉथ एक, ट्यूबही एकच. आणि त्याने प्लास्टिक निवडलं होतं.

प्लास्टिकच का? एक धागा असा. ई. कोलायच्या बाहेरच्या पडद्यात ओम्प-ए नावाचं प्रथिन असतं. एका पेशीवर साधारण १ लाख रेणू. आठ पट्ट्यांचं नळकांडं पडद्यात रोवलेलं आणि शेपूट आत पेशीभित्तिकेला धरून. टेक्सासमधल्या मा आणि वुड या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की हे प्रथिन वाढवलं तर पॉलिस्टायरीन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी या प्लास्टिकांवर बायोफिल्म वाढते आणि काचेवर उलट घटते. कारण गमतीचं आहे. पडद्यात ओम्प-ए जास्त झालं की सीपीएक्स ही ताण ओळखणारी यंत्रणा जागी होते आणि पेशीचं सेल्युलोज बनवणं आवरतं घेतलं जातं. सेल्युलोज पाण्याला धार्जिणं, म्हणून पाणी झिडकारणाऱ्या प्लास्टिकवर ते चिकटण्याच्या आड येतं. ते कमी झालं की वाट मोकळी. त्याच वर्षी ॲसिनेटोबॅक्टर या दुसऱ्या जंतूमध्येही प्लास्टिकवरच्या बायोफिल्मसाठी ओम्प-ए लागतं असं दिसलं. आयसीयूवाल्यांना या जंतूची ओळख करून द्यायला नको.

अर्थात तो अभ्यास प्रयोगशाळेत पाळलेल्या के-१२ वाणावरचा. आमचा जंतू माणसाच्या मूत्राशयातला, त्याच्याकडे चिकटायला पिली म्हणजे केसांसारखे तंतू असतात, इतरही प्रथिनं असतात. माझ्या ट्यूबमधली करामत एकट्या ओम्प-एची, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यासाठी त्या जंतूतलं ते जनुक काढून पाहावं लागेल आणि ते माझ्या लॅबचं काम नव्हे.

रिपोर्ट न्यायला त्यांचा मुलगा आला तेव्हा ट्यूब टेबलावरच होती. त्याने वाकून पाहिलं. "ही तर आमच्या ड्रिपच्या लॅटरलसारखी झालीय. आतून बुळबुळीत थर धरतो, पाणीच पुढं जात नाही. आम्ही क्लोरीन सोडतो. यातही सोडता येत नाही का?"

"शेतातल्या नळीला मूत्राशय जोडलेलं नसतं," मी म्हटलं. तो हसला. "म्हणजे लॅटरलच बदलायची."

नळी बदलून औषधाचा कोर्स पूर्ण झाला, ताप परतला नाही आणि पुढे प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन नळीच निघाली. त्या डॉक्टरांच्या फॉर्मवर आता नळी कधी घातली त्याची तारीख असते. बाकीच्यांना अजून फोन करून विचारावं लागतं.