आलेले गिऱ्हाईक मी परत का पाठवले

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. मेहुण्यांनी विचारले, सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये विचारले, मुलीने पुण्याहून फोनवर विचारले. आणि आमची मंडळी तर विचारतही नाहीत, वार्षिक शुल्काचे बिल आले की ते मुकाट्याने माझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवतात. प्रश्न सगळ्यांचा एकच आहे. सुट्टीचे सदस्यत्व विकायला निघालात, त्यात पहिल्या एजंटाने फसवले ते एक वेळ समजू शकते, पण दुसऱ्याने खरे गिऱ्हाईक घरापर्यंत आणून बसवले असताना ते तुम्ही का घालवलेत?

सुट्टीचे ते सदस्यत्व मी का घेतले, हे तुम्हाला पाठ आहे. येथे आकडे तेवढे मांडतो. 2009 साली 2 लाख 85 हजारांना घेतलेला, 25 वर्षे दर वर्षी 7 रात्री कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क. 2022 मध्ये तो विकण्यासाठी दलालांकडे वळलो तेव्हा त्यातली 12 वर्षे उरली होती आणि वार्षिक शुल्क जीएसटी धरून 21 हजारांवर गेले होते. कंपनी स्वतः ते परत घेत नाही. कोणी घेणारा आणलात, मागची सगळी बाकी चुकती केलीत आणि हस्तांतराचे शुल्क भरलेत, तर नाव बदलून देते. घर विकताना निदान इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, हातात असतो. येथे मालकी मुळातच नसते, असते ती कंपनीच्या दप्तरातली एक नोंद, आणि अशा वस्तूला गिऱ्हाईक शोधायचे तर दलालावाचून गत्यंतर नसते, किंवा तसे मला तेव्हा वाटत होते.

पहिल्या एजंटाबद्दल फार लिहीत नाही. तो कधी दिसलाच नाही, फक्त ऐकू आला. नागपूरची पार्टी तयार आहे, फक्त एनओसीचे, म्हणजे ना-हरकत दाखल्याचे, साडेचौदा हजार आधी भरावे लागतील, तेही व्यवहार झाल्यावर परत मिळतील, असे तो म्हणाला आणि मी भरले. नंतर त्याने जीएसटीचे वेगळे मागितले तेव्हा थांबलो. 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकावर मी तीन आठवड्यांनी फोन केला. तो लगेच करायचा असतो, कारण पैसा कुठल्या तरी खात्यात पडून आहे तोवरच तो अडवता येतो. चौतीस वर्षे सहकारी बँकेत लेखापाल म्हणून काढलेल्या माणसाला हे कळू नये, असे तुम्ही म्हणता. कळत होते. पण दोन वर्षे मित्र, नातेवाईक, जुने सहकारी या सगळ्यांना ते सदस्यत्व देऊ करून नकार ऐकल्यावर, ‘मला हवे आहे’ असे म्हणणारा पहिला आवाज ऐकू आला की माणूस पावती मागायची विसरतो. याला लोभ म्हणू नका, एवढीच विनंती आहे.

दुसरा एजंट खरा होता. ठाण्यातल्या नौपाड्यात त्याचे लहानसे दुकान आहे, भाड्याच्या आणि विक्रीच्या घरांचे काम करतो, काचेवर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक रंगवलेला आहे. तो क्रमांक पाहून मी निश्चिंत झालो. वास्तविक तो फ्लॅट-प्लॉटच्या दलालीसाठी असतो, सुट्टीच्या सदस्यत्वाच्या खरेदी-विक्रीशी त्याचा काही संबंध नसतो. पण एका पाटीखाली जे जे विकले जाते ते सगळे त्या पाटीच्या हमीचे, अशी माझी समजूत झाली. त्याने आगाऊ एक रुपयाही मागितला नाही. “काका, तुम्हाला हातात किती हवे ते सांगा, वरचे माझे,” असे तो म्हणाला. मी 1 लाख 30 हजार सांगितले. वरचे किती, हे मी विचारले नाही, आणि ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडले त्यात माझी बाजू जेथे लंगडी पडते ती जागा हीच आहे.

जुलैमधल्या एका रविवारी, भर पावसात, त्याने शोधलेले गिऱ्हाईक, एक जोडपे, ऐरोलीहून लोकलने आले. तो रबाळ्याच्या कारखान्यात नोकरीला, ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. ओल्या छत्र्या बाहेर ठेवू की आत, हे त्यांनी दोनदा विचारले. मुलगी आमच्या टीव्हीवरच्या फोटोपाशी उभी राहिली. त्यात आम्ही रिसॉर्टच्या तरणतलावाशी आहोत, माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. “आपण इथे जाणार?” असे तिने आईला विचारले आणि आई हसली. एजंट माझ्या शेजारी, माझ्याच घरात, यजमानासारखा बसला होता. दर वर्षी सात रात्री, पाहिजे तिथे, पाहिजे तेव्हा, असे तो सांगत होता. मे महिन्यात आणि दिवाळीत खोली हवी तर कित्येक महिने आधी बुकिंग उघडण्याची वाट पाहत बसावे लागते आणि आमच्या सदस्यत्वाला नेमून दिलेल्या सीझनला तर ते आठवडे मिळतच नाहीत, हे मला ठाऊक होते. मी चहात साखर ढवळत होतो.

मग त्या बाईंनी विचारले, “दर वर्षी काही भरावे लागते का?” माझ्याकडे पाहून विचारले, एजंटाकडे नव्हे. उत्तर एजंटाने दिले, “वहिनी, सोसायटीचा मेंटेनन्स असतो ना, तसे थोडेफार.” मी मान हलवली. हो, हलवली. मेहुण्यांना सांगताना हा भाग मी नेहमी गाळतो.

त्यानंतर तिचा नवरा म्हणाला, “मग 2 लाख 10 हजारांतले टोकन म्हणून आज किती द्यायचे?”

तेव्हा मी उठलो, कपाटातून फाईल आणली आणि त्या वर्षीची 21 हजारांची पावती त्यांच्यासमोर ठेवली. एका कागदावर हिशेबही मांडून दाखवला. 2 लाख 10 हजार भागिले 12, म्हणजे वर्षाला साडेसतरा हजार. त्यात शुल्काचे 21 हजार. झाले साडेअडतीस हजार. भागिले सात रात्री, म्हणजे रात्रीला साडेपाच हजार, जेवण वेगळे, आणि शुल्क पुढे वाढत जाणार ते निराळेच. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दहा मिनिटांत ते गेले. जिन्यात एजंट मला म्हणाला, “काका, तुम्ही माझे नाही, स्वतःचेच नुकसान केलेत,” आणि त्यात खोटे काही नव्हते.

आता तुम्ही म्हणाल की हा प्रामाणिकपणा झाला. मीही वर्षभर तसेच सांगत होतो. पण मी लेखापाल आहे, आणि तोच हिशेब मी नंतर एका रात्री माझ्या आकड्याने करून पाहिला. 1 लाख 30 हजारांना ते सदस्यत्व गेले असते तर त्यांना रात्रीला सुमारे साडेचार हजार पडले असते. म्हणजे साडेचार हजारांपर्यंत मी मान हलवत बसायला तयार होतो आणि साडेपाच हजारांना माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. मधल्या हजार रुपयांत नेमके काय बदलले? त्या माणसांची कीव आली, की माझ्या वस्तूवर दुसरा कोणी 80 हजार मिळवतो आहे हे सहन झाले नाही? शुल्काची पावती तर सकाळपासून कपाटातच होती.

माझ्याकडे 2009 सालची वहीही आहे. त्यात माझ्याच अक्षरात लिहिले आहे की हॉटेलची खोली 3 हजार, सात रात्रींचे 21 हजार, 25 वर्षांचे 5 लाख 25 हजार, सबब 2 लाख 40 हजारांची बचत. वार्षिक शुल्काला रकानाच नाही. ती वही लिहिणाऱ्या माणसाला मी अनेकदा दरडावून विचारले आहे की बँकेत कर्जाच्या अर्जात असा एक रकाना सुटला असता तर तू सही केली असतीस का. त्याचेही उत्तर असते. तो म्हणतो, मुलगी लहान होती तेव्हा सलग सहा वर्षे आपण गेलो, एरवी तू एकदाही रजा काढली नसतीस, त्याचा रकाना तुझ्याकडे तरी कुठे आहे? येथे मी निरुत्तर होतो, पण पटले असेही नाही.

काही जण सुचवतात की ग्राहक आयोगात जा, ठाण्यातच आहे, आपण राहतो तेथेच तक्रार करता येते. येते. पण तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची असते, आणि दुसऱ्या एजंटाविरुद्ध मी लिहू तरी काय? ठरल्याप्रमाणे त्याने माझ्या हातात 1 लाख 30 हजार दिले असते. खोटे तो माझ्याशी बोलला नाही, माझ्यादेखत दुसऱ्यांशी बोलला.

त्या ऐरोलीच्या गृहस्थांचा पुढच्या हिवाळ्यात फोन आला होता. त्याच एजंटाकडून त्यांनी दुसऱ्या कोणाचे तरी सदस्यत्व घेतले होते, शुल्क विचारून, घासाघीस करून. आणि मे महिन्याचे बुकिंग कधी उघडते, हे त्यांना माझ्याकडून हवे होते. मी सांगितले. ही हकीकत ऐकल्यावर मेहुणे दोन्ही हात पसरून माझ्याकडे नुसते पाहत राहिले.

2025 मध्ये, नऊ वर्षे उरलेली असताना, त्या एजंटाने पुन्हा फोन केला. दिवसागणिक किंमत उतरते आहे, हातात 50 हजार देतो, म्हणाला. या वेळी वरचे किती ते मी विचारले, तो हसला. मग शुल्काचा आकडा पार्टीला आधी सांगणार का, असे विचारले. “सांगतो की,” तो म्हणाला, “पण काका, त्या दिवशी तुम्ही घरी असू नका.”

मी अजून त्याला काही कळवलेले नाही.