तुम्ही विचारलंत म्हणून: सिगारेट सोडायच्या आधीची धाकधूक

"सोडल्यावर काय होतं ते राहू द्या. सोडायच्या आधीच जी धाकधूक होते, तिचं तुम्ही काय केलंत?" आडतीवर दर महिन्याला कुणीतरी मला हे विचारतंच. परवा एका मापाड्यानं विचारलं. दोनदा दिवस ठरवून दोनदा मागं फिरलेला माणूस. त्याच्या तोंडावर मला माझेच ते आठ दिवस दिसले, म्हणून सगळं सांगतो.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब बघतो. 22 वर्षं सिगारेट ओढली, दिवसाला बारा-चौदा. सोडायचा दिवस धरला येळवशीचा. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी-आंबील होते. यार्ड बंद, पानटपरी लांब. एवढा सोयीचा दिवस दुसरा नव्हता.

दिवस ठरला आणि छातीत धडधड सुरू झाली. सौद्याच्या वेळेला डोकं चाललं नाही तर? शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी चुकली तर? शेतकऱ्यासमोर हात कापला तर? जेवण जाईना. बारा-चौदाच्या जागी वीस व्हायला लागल्या. एक पाकीट खिशात, एक तुरीच्या पोत्यामागं लपवलेलं.

येळवशीच्या पाच दिवस आधी रात्री अडीच वाजता ओसरीवर बसलो होतो. बायको उठून आली. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही अजून सोडली कुठंय? आत्ताही ओढायलात की. मग हे काय व्हायलंय तुम्हाला?"

मला उत्तर देता आलं नाही. बोटांत सिगारेट जळत होती आणि छाती तरीही धडधडत होती. हिनंच जीव शांत होतो असं मी 22 वर्षं धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सरळ सांगितलं की रक्तातलं निकोटीन दोनेक तासांत निम्म्यावर येतं. मग जीव कासावीस होतो, आपण पुढची पेटवतो, बरं वाटतं. म्हणजे आधीच्या सिगारेटनं लावलेली तगमग पुढची सिगारेट तेवढ्यापुरती मिटवते, आणि आपण त्याला टेन्शन उतरलं म्हणतो. 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 26 अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. सोडलेल्यांची चिंता आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाल्याचं त्यात दिसलं. आधीपासून मनाचा आजार असलेल्यांतही तसंच. हे ऐकून माझी भीती गेली नाही, खोटं कशाला सांगू. पण ती कुठून येते ते कळलं.

त्यांनीच तालीम करायला लावली. सकाळची पहिली सिगारेट सहाला असायची, ती सातला न्यायची. दुसऱ्या दिवशी आठला. तो पहिला तास मी वजनकाट्याशेजारी उभा राहून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत काढला. तलफ आली, चढली, हाताला घाम सुटला, आणि पाच-सात मिनिटांत आपोआप उतरली. मी काहीच केलं नव्हतं. थोड्या वेळानं परत आली, परत उतरली. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती. जिची आठ दिवस धास्ती घेतली होती ती मी सोडायच्या आधीच बघून घेतली.

दुसरं चहाचं. यार्डात दिवसाला सात-आठ कप होतात. सिगारेटच्या धुरामुळं शरीर चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर बाहेर टाकतं. सिगारेट थांबली की तेवढाच चहा जास्त चढतो, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणसाला वाटतं ही तलफच आहे. मी चहा निम्म्यावर आणला. आडतीवर चहाला नाही म्हणणं अवघड जातं, पण हमालांनीच सांभाळून घेतलं.

निकोटीनचं च्युइंगम 2 आणि 4 मिलिग्रॅमचं मिळतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्याला बहुधा 4 चं देतात, डॉक्टरांना विचारूनच घ्या. ते बबलगमसारखं चघळत राहायचं नसतं. जिभेला चुरचुरलं की गालात धरून ठेवायचं, चुरचुर गेली की परत हळू चावायचं. चहानंतर पंधरा मिनिटं थांबून तोंडात टाकायचं. चिंतेची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर सिगारेट सोडतोय हे आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, काही औषधांचं प्रमाण बदलावं लागतं. बोलायला कुणीच नसेल तर सरकारची 1800-11-2356 ही फुकट लाइन आहे.

येळवशीला कोपीजवळ आंबील पिताना हात चार वेळा खिशाकडं गेला. खिशात आईनं दिलेली बडीशेप होती. दुसरा-तिसरा दिवस वाईट गेला, चिडचिड झाली, घरच्यांनी सोसली. तरी ओसरीवरच्या त्या अडीच वाजताच्या रात्रीइतकं वाईट पुढं काही झालं नाही.

मापाडी म्हणत होता, "भाऊ, ही भीती जाऊ द्या, मग सोडतो." मी त्याला विचारलं, पहिली किती वाजता ओढतोस? म्हणाला, उठल्या उठल्या. म्हटलं, उद्या सातपर्यंत थांब, इथं काट्याजवळ माझ्याशेजारी उभा राहा. आज पावणेसहालाच आला होता. सात वाजेपर्यंत आम्ही दोघं घड्याळाकडं बघत उभे होतो, फारसं बोललो नाही. सात वाजून गेले तरी तो लगेच टपरीकडं गेला नाही. उद्या परत येतो म्हणालाय.