भोचक लोकांचा विजय असो

सध्या रात्री झोपायच्या आधी मी फक्त कोझी मिस्टरी वाचतेय. छोटंसं गाव, एक खून, आणि तपास कोण करणार तर चार-पाच रिकामटेकडे लोक. रक्तबिक्त जवळपास नाहीच, खून शक्यतो पडद्याआड, त्यामुळे भीती वाटत नाही पण झोपही येत नाही, एकच चॅप्टर म्हणता म्हणता दीड वाजतो.

मला आधी वाटायचं पोलिसांना मुद्दाम बावळट दाखवतात. पण तसं नाहीये. पोलीस बाहेरून येतो आणि विचारतो नऊ वाजता कुठे होतात, आणि शेजारच्या बाईला माहीत असतं की समोरच्या घरातला दिवा गेली वीस वर्षं साडेआठला बंद होतो आणि त्या रात्री तो चालू होता. म्हणजे क्लू काय, तर मोडलेली सवय! आणि सवय मोडली हे कळायला आधी ती माहीत पाहिजे ना, त्यासाठी वर्षानुवर्षं खिडकीत बसून भोचकपणा करावा लागतो, तो काय वॉरंट काढून होत नाही.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल हेच करते. १९२७ मध्ये छापून आलेल्या मार्पलच्या पहिल्याच गोष्टीत सगळे मिळून दर मंगळवारी कोडी सोडवायचा क्लब काढतात, आणि मेंबर मोजताना विणत बसलेल्या या म्हातारीला मोजायलाच विसरतात 😄 पुढे उत्तर कोण देतं ते सांगायला नकोच.

ग्रुप असला की अजून एक सोय होते. रहस्यकथा लिहिणाऱ्या रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम केले होते, त्यात एक असा की डिटेक्टिवला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. एकटा डिटेक्टिव मनातल्या मनात हसतो आणि आपल्याला शेवटपर्यंत लटकवतो (मला या लोकांचा भयंकर राग येतो), पण ग्रुपला एकमेकांना सांगावंच लागतं, वाद घालावे लागतात, आणि आपण फुकटात ऐकतो.

अर्थात पाच डोकी म्हणजे पाच खुनी. अँथनी बर्कलीच्या 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस'मध्ये, हेही १९२९चंच, क्लबातले सहा जण एकाच खुनाची सहा उत्तरं देतात आणि प्रत्येक वेळी मी मान डोलावली, हो हो हाच, हाच! स्वतःवरचा विश्वासच उडाला राव.

तक्रार एकच. रिचर्ड ऑस्मनच्या 'द थर्सडे मर्डर क्लब'मध्ये (२०२०) चार निवृत्त म्हातारे आहेत, धमाल आहेत, पण त्यातली एलिझाबेथ आधी गुप्तहेर होती म्हणे. ही चीटिंग आहे! हौशी म्हणजे हौशी, तिथे जुन्या ओळखी वापरून फायली मागवायच्या नाहीत. मला त्यातली जॉइस जास्त आवडते, साधी माजी नर्स, डायरी लिहिते, भाबडी वाटते म्हणून लोक तिच्यापुढे बोलून जातात.

आत्ता हातात आहे त्या पुस्तकाची चाळीस पानं उरलीत. माझा संशय लायब्ररीवालीवर आहे कारण ती सगळ्यांशी गोड बोलते. मागच्या तिन्ही पुस्तकांत असंच गोड बोलणारं माणूस पकडलं होतं मी, आणि तिन्ही वेळा ते निर्दोष निघालं.