वॉर्डातला तास

आज एटकॉमचा, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद या विषयाचा तास वॉर्डातच घेतला. २०१९ पासून तो एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आला, फार बरं झालं. पण हे स्लाइड दाखवून येत नाही. मुलांना म्हटलं, केसपेपर मिटा, मास्क लावून शेजारी बसा, पेशंट आजींना मध्ये तोडू नका.

ताप-खोकला दोन वाक्यांत संपला. मग कळलं: मुलगा-सून ऊसतोडीला, घरी लहान नात, आणि उपाशीपोटी सोसत नाहीत म्हणून टीबीच्या गोळ्या बंद. हिस्टरीत हे कुणीच लिहिलं नव्हतं! एका विद्यार्थिनीने विचारलं, "आजी, आज जेवलात का?" इतका नेमका प्रश्न मी अख्ख्या राउंडमध्ये ऐकला नव्हता.

टीबीच्या पेशंटना आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे महिन्याचे १००० रुपये त्यांना मिळतात का, हे उद्या समाजसेवा अधीक्षकांना विचारायचंय. ती विद्यार्थिनीही सोबत येतेय.