अंत्याच्या पुढे मध्य

आठवी ब, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. गणिताचे सर फळ्यावर एक काढायचे आणि त्याच्यापुढे शून्यं मांडत सुटायचे. आम्ही एका सुरात एकक, दशक, शतक म्हणत मागे धावायचो. कोटीपर्यंत आवाज खणखणीत, दशकोटीला जरा बसलेला, अब्जाला फक्त पहिला बाक. पुढे सर एकटेच: खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध.

ही यादी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली, बाराव्या शतकातली. एकापासून परार्धापर्यंत अठरा नावं, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. मला तेव्हाही खटकलं होतं की अंत्य म्हणजे शेवटचा, मग त्याच्यापुढे मध्य कसा? शेवट झाला म्हणून हात झटकून उठलेल्या माणसाला कुणीतरी आणखी दोन शून्यं आणून दिली असावीत, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं आहे.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, परार्धाच्या पुढं काय?"

सर वळलेसुद्धा नाहीत. "परार्ध एक."

वर्ग हसला. पण याहून नेमकं उत्तर मला पुढे कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही.

बोलीभाषा मात्र कोटीपाशीच बसकण मारते. बातम्यांत आपण 'लाख कोटी' म्हणतो, म्हणजे एकावर बारा शून्यं. यालाच महापद्म हे नाव शेकडो वर्षं तयार पडून आहे, विचारतं कोण? इंग्रजीचाही घोळ कमी नव्हता. बिलियन म्हणजे अमेरिकेत नऊ शून्यं आणि ब्रिटनमध्ये बारा. ब्रिटिश सरकारनं अमेरिकेचा अर्थ पत्करला तो १९७४ साली.

नाव पाठ झालं म्हणून आकडा कळतो असं नाही, हे सरांनी सेकंदांवरून दाखवलं होतं. लाख सेकंद म्हणजे जेमतेम सव्वा दिवस. कोटी सेकंद म्हणजे चार महिन्यांना थोडे कमी. अब्ज सेकंदांना मात्र जवळपास बत्तीस वर्षं लागतात! परार्धाचा हिशेब मी फार उशिरा, स्वतःच केला. विश्वाचं वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षं मानतात. त्याचे सेकंद केले तर चार परार्धांहून थोडे जास्त भरतात. आम्ही जांभया देत म्हटलेल्या यादीत सगळा काळ जवळजवळ मावत होता.

गूगोल हा शब्दही सरांकडूनच कळला. एकावर शंभर शून्यं. अमेरिकन गणितज्ञ एडवर्ड कास्नर यांच्या नऊ वर्षांच्या भाच्यानं सुचवलेलं नाव. त्याच्याही पुढे गूगोलप्लेक्स, म्हणजे एकावर गूगोल शून्यं. हा आकडा कुणालाच लिहून काढता येणार नाही. दिसणाऱ्या विश्वातले अणू साधारण एकावर ऐंशी शून्यं इतकेच, एकेका अणूवर एकेक शून्य लिहिलं तरी जागा पुरत नाही. आणि नाव मात्र एका श्वासात घेता येतं! मला जास्त अस्वस्थ करतात ते त्याच्या अलीकडचे आकडे. त्यांतल्या बहुतेकांना नाव नाही, ते लिहूनही होणार नाहीत आणि थोडक्यात वर्णन करून सांगावेत म्हटलं तर तेही जमणार नाही. सरांचं 'परार्ध एक' तिथे लटकं पडतं, कारण 'एक' मिळवायला आधी परार्ध हाताशी लागतो.

त्या दिवशीचा गृहपाठ होता, वहीत गूगोल लिहून आणा. मी दोन ओळी भरून शून्यं काढली, सगळी सारख्या आकाराची. दुसऱ्या दिवशी सरांनी पेनाचं टोक एकेका शून्यावर टेकवत ती मोजली. नव्याण्णव निघाली.

"दहावा हिस्साच आणलास," ते म्हणाले. मग ओळीच्या टोकाला लाल शाईनं एक शून्य काढलं आणि खाली सही केली.