आमची वाटचाल : ५ लिटर ते ५०० लिटर

अंबरनाथ एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे होतं काय, तर ५ लिटरचा ऑटोक्लेव्ह (दाब सहन करणारं बंद भांडं), एक सेकंडहँड चिलर (पाणी गार करणारं मशीन), मी आणि माझा मेव्हणा. काम हायड्रोजनेशनचं, म्हणजे रसायनाला हायड्रोजन जोडायचं, जॉबवर्क. नायट्रोचा माल (नायट्रो गटाचं रसायन) घ्यायचा, रॅनी निकेल (रिअ‍ॅक्शन घडवून आणणारी निकेलची पावडर) टाकायचं, हायड्रोजन द्यायचा, अमीन काढून पार्टीला द्यायचं. थोडं तापलं की जॅकेटचं, म्हणजे भांड्याभोवतीच्या आवरणातलं, पाणी वाढवायचं, दोन मिनिटात गार, त्यामुळे आम्हाला वाटलं जमलं आपल्याला.

मग लोन काढून ५०० लिटरचा घेतला. माल १०० पट झाला, पण आकार तोच ठेवला तर जॅकेटचा एरिया, म्हणजे उष्णता बाहेर काढायची जागा, वाढतो जेमतेम साडेएकवीस पट, हे गणित आम्ही लोन घेतल्यावर केलं! आणि नायट्रोची रिअ‍ॅक्शन एका मोलला (रसायन मोजायचं माप) साधारण ५५० किलोज्यूल उष्णता सोडते, म्हणजे खेळ नाही.

सहावी की सातवी बॅच होती. सेटपॉइंट ६०, डिस्प्लेवर ६२, ऑपरेटर निवांत डबा खातोय, पण हायड्रोजनचा काटा मात्र भराभर खाली येतोय. गॅस एवढा खातोय तर आत तापलंच असणार ना, मग डिस्प्ले का हलत नाही? आणि एकदम हलला, ७०, ८१, ९४. मी चिलिंगच्या व्हॉल्वकडे धावलो, मेव्हण्याने आधी हायड्रोजन बंद केला म्हणून वाचलो. नंतर उघडून बघितलं तर थर्मोवेलमध्ये (सेन्सर बसवायच्या नळीत) तेलच नाही, सेन्सर कोरड्या हवेत लटकत होता, म्हणून आतली उष्णता त्याला उशिरा कळली. साफसफाईनंतर भरायचं राहिलं, चूक आमचीच.

त्यावर मी शहाणपणा करून मोठा चिलर घेतला, ते पैसे वायाच म्हणा, कारण जास्त गार केलं तर रिअ‍ॅक्शन अर्धवट रेंगाळते, मधल्या टप्प्यात तयार होणारं हायड्रॉक्सिलअमीन साठतं आणि ते कधी भडकेल सांगता येत नाही. खरा फरक पडला कॅस्केडने, म्हणजे एकावर एक दोन कंट्रोलर लावून, आतला पीआयडी (तापमान आपोआप राखणारा कंट्रोलर) जॅकेट सांभाळतो, बाहेरचा मालाचं तापमान बघून त्याला सेटपॉइंट देतो. शिवाय दोन पीटी-१०० (तापमानाचे सेन्सर), आणि त्यातला कुठलाही सेटपॉइंटच्या ८ अंश वर गेला की हायड्रोजनचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व) आपोआप बंद, कोणाला विचारायचं नाही.

थर्मोवेलच्या तेलाची बाटली आता पॅनेलला सुतळीने बांधलेली असते, कोणी जागची हलवली की मेव्हणा अख्खी शिफ्ट डोक्यावर घेतो.